मंडळीत नवीन आहात? ख्रिस्ती सहभागिता जगायला शिकण्यासाठी काही पायऱ्या

काही आठवड्यांपासून तुम्ही एका मंडळीत येत आहात. उपासना आवडते, संदेश मनाला भिडतो, गीतंही हळूहळू पाठ होऊ लागली आहेत. पण आशीर्वादवचन झालं की तुम्ही बाहेर पडता, आणि पुढच्या रविवारपर्यंत तिथल्या कुणाशीही तुमचा काही संबंध येत नाही. हा लेख तुमच्यासाठी आहे. मग तुमचा बाप्तिस्मा नुकताच झालेला असो, तुम्ही दुसऱ्या गावाहून आलेले असा, किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा चर्चची पायरी चढलेले असा.

पायऱ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कळली नाही तर पुढचं सगळं नुसतं ओळखी वाढवणं ठरेल. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो (१:३) की आमची सहभागिता पित्याशी आणि त्याचा पुत्र येशू ख्रिस्त याच्याशी आहे, आणि तुम्हीही तिच्यात यावं म्हणून आम्ही हे सांगतो आहोत. म्हणजे माणसामाणसांतलं हे नातं ख्रिस्ताशी असलेल्या नात्यावर उभं आहे. मैत्रीत माणसं आपण निवडतो. मंडळीत ती आपल्याला दिली जातात. येशूने निवडलेल्या बारांमध्ये सत्तेसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि जिलोत (परक्या सत्तेचा कट्टर विरोधक) म्हणवला जाणारा शिमोनही होता. हे दोघे आपण होऊन एका पंक्तीला बसले असते असं मला वाटत नाही. त्यांना एकत्र ठेवणारा येशू होता.

म्हणून "इथे माझ्यासारखं कुणीच नाही" ही तक्रार घेऊन मंडळी सोडू नका. तुमच्यासारखं कुणी नसेल, तर सहभागिता शिकण्याची तीच खरी जागा आहे.

पायरी पहिली: एक मंडळी ठरवा आणि तिथेच टिका

या रविवारी इथे, पुढच्या रविवारी तिथे, असं करत राहिलात तर वर्षभरानंतरही पाहुणेच राहाल. ठरवण्याआधी मात्र नीट पाहून घ्या. पवित्र शास्त्र सरळपणे शिकवलं जातं का? अर्पणाचा हिशेब मंडळीसमोर ठेवला जातो का? पाळक आणि वडीलजन कुणाला तरी जबाबदार आहेत का, की एकाच माणसाचा शब्द शेवटचा असतो? आणि याकोबाच्या पत्रातली कसोटी लावून पाहा (२:१-४): सोन्याची अंगठी घातलेला आत आला तर त्याला कुठे बसवतात आणि मळक्या कपड्यांतला आला तर कुठे. हे पाहायला फार दिवस लागत नाहीत. समाधान झालं की पाळकांना भेटून सांगा की मी इथे नियमित येणार आहे, आणि सभासद होण्याची रीत काय आहे ते विचारा.

पायरी दुसरी: नावं शिका

उपासनेला थोडं लवकर या आणि थोडं उशिरा निघा. मंडळीची खरी ओळख त्या आगेमागेच्या वेळात होते. दर रविवारी एका नवीन माणसाशी बोला आणि त्याचं नाव घरी जाताना फोनमध्ये लिहून ठेवा. आठवडाभर त्या नावाने प्रार्थना करा. पुढच्या वेळी "तुमच्या आईची तब्येत कशी आहे?" असं विचारता आलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा तो तिथे एकदाही गेलेला नव्हता, तरी १६ व्या अध्यायात तो वीसहून अधिक माणसांना नावानिशी सलाम पाठवतो आणि कुणी काय कष्ट घेतले तेही सांगतो.

एकटं बसलेलं कुणी दिसलं तर शेजारी जाऊन बसा. तुम्ही नवीन आहात म्हणून हे काम जुन्यांचं आहे असं समजू नका. यरुशलेमेत शौल (म्हणजे पुढचा पौल) नव्याने आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला सोबत घेतलं, प्रेषितांकडे नेलं आणि त्याची हकिकत सांगितली (प्रेषितांची कृत्ये ९:२७). प्रत्येक मंडळीला असा बर्णबा लागतो, आणि परकेपणा काय असतो हे ताजं ठाऊक असलेला माणूस ते काम फार चांगलं करू शकतो.

पायरी तिसरी: काहीतरी काम मागून घ्या

खुर्च्या लावणं, गीतपुस्तकं वाटणं, झाडलोट, संडे स्कूलच्या मुलांवर लक्ष ठेवणं, ज्यांना एकट्याने येणं जमत नाही अशा आजीआजोबांना घरून घेऊन येणं. पाळकांना नुसतं विचारा, "मी काय करू?" खांद्याला खांदा लावून काम करताना माणसं जितकी मोकळी होतात तितकी ओळखीच्या कार्यक्रमात होत नाहीत. एक सावधगिरी बाळगा: कामाच्या आड लपू नका. कित्येक माणसं वर्षानुवर्षं सगळी व्यवस्था पाहतात आणि त्यांच्या घरात काय चाललंय हे मंडळीत कुणालाच माहीत नसतं.

पायरी चौथी: लहान गटात जा आणि तिथे खरं बोला

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे. शेदोनशे लोकांच्या उपासनेत एकमेकांचं ओझं कळत नाही. त्यासाठी घरगुती प्रार्थनासभा, महिला मंडळ, तरुण संघ, शास्त्राभ्यासाचा गट असं काहीतरी हवं.

मेथडिस्ट चळवळीतला एक प्रसंग इथे उपयोगाचा आहे. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. ते फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरलं. सुमारे बारा जणांचे गट पाडले गेले आणि गटाच्या पुढाऱ्याने घरोघरी जाऊन पैसे गोळा करायचे असं ठरलं. पुढारी पेनी घ्यायला दारात गेले आणि लोक कसे जगत आहेत हे त्यांना दिसलं. कुठे भांडण होतं, कुठे दारू होती. वेस्लींच्या लक्षात आलं की आपण बरेच दिवस शोधत होतो ते हेच. पुढे हे गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले, आणि एकमेकांच्या आत्मिक जीवनाची विचारपूस हेच त्यांचं मुख्य काम झालं. कर्जासाठी उघडलेल्या दारातून सहभागिता आत आली.

आता तुमच्या गटाकडे या. शेवटी पुढारी विचारतात, "कुणाची काही प्रार्थनाविनंती?" बहुतेक वेळा उत्तरं ठरलेली असतात: मुलाची परीक्षा, भावाचा प्रवास, काकूंचं ऑपरेशन. ही खोटी नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायलाच हवी. पण समजा एक गृहस्थ दर आठवड्याला मुलाच्या अभ्यासासाठी विनंती करतात, आणि एका संध्याकाळी नेहमीचं वाक्य अर्ध्यावर सोडून म्हणतात, "खरं सांगायचं तर माझी नोकरी गेली आहे. घरी अजून सांगितलेलं नाही." खोलीत काही क्षण कुणी बोलत नाही. त्या क्षणी गट काय करतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. कुणी घाईने "देव दुसरं दार उघडेल" म्हणून मोकळा झाला, तर ते गृहस्थ पुन्हा मुलाच्या अभ्यासाकडे वळतील आणि तिथेच राहतील. कुणी विचारलं, "घरी सांगायला काय अडचण वाटते?" आणि मग शांतपणे ऐकलं, नावानिशी प्रार्थना केली, दुसऱ्या दिवशी फोन केला, तर त्या खोलीत मंडळी उभी राहिली असं समजा.

तुम्हाला बोलायचं असेल तर सुरुवात लहान ठेवा. पहिल्याच भेटीत सगळं आयुष्य उलगडायची गरज नाही. पण "सगळं छान" हे तोंडदेखलं उत्तर सोडून एक खरं वाक्य बोला. "हल्ली प्रार्थनेला बसलं की मन लागत नाही" एवढंही पुष्कळ झालं. पापाची कबुली द्यायची असेल (याकोब ५:१६ एकमेकांजवळ कबुली द्यायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो), तर ती सगळ्यांसमोर नको. परिपक्व, तोंडाला कुलूप असलेल्या एका व्यक्तीजवळ द्या. पुरुषाने पुरुषाजवळ, स्त्रीने स्त्रीजवळ दिलेली बरी. आणि तुम्ही ऐकणारे असाल, तर ऐकलेलं कुठेही जाता कामा नये. नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही, आणि "प्रार्थनेसाठी सांगते" या नावाखाली तर नाहीच. मंडळ्यांमध्ये जितकी मनं याने दुखावली जातात तितकी उघड भांडणांनीही दुखावली जात नसतील.

पायरी पाचवी: ओझं उचला, आणि स्वतःचंही उचलू द्या

गलतीकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि पाचव्या वचनात म्हणतो की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. दोन्ही खरं आहे. रोजचं काम, घरची जबाबदारी, आपल्या चुकांची भरपाई हे ज्याचं त्याने पाहायचं. पण आजारपण, मृत्यू, अचानक आलेली तंगी, तुटलेला संसार ही ओझी एका माणसाच्या खांद्यांची नसतातच.

आजारी माणसाला भेटायला जाताना आधी फोन करून विचारा. गेल्यावर पंधरा-वीस मिनिटंच बसा. आपल्या ओळखीतल्या कुणाला हाच आजार झाला होता आणि त्याचं पुढे काय झालं, ही गोष्ट सांगू नका. एखादं लहान स्तोत्र वाचा, १२१ वं किंवा २३ वं, आणि थोडक्यात प्रार्थना करा. मग उठण्याआधी एक नेमकी गोष्ट विचारा: "उद्या सकाळी औषधं आणून देऊ का?" "काही लागलं तर सांगा" असं म्हटलं की कुणी कधी काही सांगत नाही. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याच्याकडे पहिल्या आठवड्यात सगळेच जातात. तुम्ही दुसऱ्या महिन्यात जा.

पैशांच्या मदतीची रीत मंडळीइतकीच जुनी आहे. इ. स. १५५ च्या सुमारास ख्रिस्ती विचारवंत जस्टिन मार्टर यांनी रोममध्ये ख्रिस्ती उपासनेचं जे वर्णन लिहिलं, त्यात ऐपतवाले स्वेच्छेने देतात, ते अध्यक्षाकडे जमा होतं आणि अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परदेशी यांच्या गरजांसाठी वापरलं जातं, असं म्हटलं आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी प्रभुभोजनातला वाटा सेवक घरी नेत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो: जो हजर नाही तोही मोजलेला असे.

तुम्हाला द्यायचं असेल तर शक्यतो मंडळीच्या सेवकांमार्फत द्या, म्हणजे घेणाऱ्याला तुमच्यासमोर मान खाली घालावी लागत नाही. देताना उसने आहेत की भेट हे मनाशी स्पष्ट ठरवा. परत मिळतील या आशेवर दिलेले पैसे नात्यात काटा होतात. आणि ज्याच्याशी ओळख नवी आहे असा कुणी एकट्याला गाठून मोठी रक्कम मागत असेल, तर वडीलजनांशी बोलल्याशिवाय देऊ नका. यात अविश्वास नाही.

नव्या माणसाला देण्यापेक्षा घेणं जड जातं. "कशाला त्रास", "आमचं आम्ही बघू" हे शब्द लगेच तोंडावर येतात. पण तुम्ही कायम देणाऱ्याच्याच बाजूला उभे राहिलात, तर ती सहभागिता नव्हे. पेत्रालाही आपले पाय धुऊ द्यायचे नव्हते (योहान १३:८), आणि येशूने ते चालवून घेतलं नाही.

पायरी सहावी: प्रभुभोजनाला येण्याआधी माणसांकडे पाहा

करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी एकत्र आल्यावर काही जण आपलं जेवण आधीच उरकून घेत, कुणी पिऊन तर्र होई आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत. पौल स्पष्ट लिहितो की असं जेवण प्रभुभोजन नव्हेच (१ करिंथ ११:२०-२२). स्वतःची परीक्षा करा असं त्याच अध्यायात तो सांगतो, ती परीक्षा फक्त खासगी पापांची नाही. ज्याला मी टाळतो, ज्याच्याशी बोलणं सोडलंय, ज्याच्या गरजेकडे डोळेझाक केली, तोही त्या परीक्षेचा भाग आहे. येशूने तर वेदीपाशी आणलेलं अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं (मत्तय ५:२३-२४). प्रभुभोजनाच्या रविवारची तयारी शनिवारी एका फोनने होऊ शकते.

अंत्युखियातली गोष्टही इथलीच आहे. पेत्र तिथे परराष्ट्रीयांतून (म्हणजे यहूदी नसलेल्यांतून) आलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही माणसं आल्यावर तो मागे सरला आणि वेगळा राहू लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर जाब विचारला (गलती २:११-१४), कारण पेत्राची शिकवण बदलली नव्हती, फक्त पंक्ती बदलली होती, आणि पौलाच्या लेखी तेवढ्यानेही सुवार्तेला बाधा येत होती. आपण कुणाच्या घरी जातो आणि कुणाच्या घरी जायचं टाळतो, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावं.

पायरी सातवी: मन दुखावलं तर काय करायचं

ते दुखावलं जाणारच, त्याची तयारी ठेवा. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत सगळं समाईक होतं असं आपण वाचतो (प्रेषितांची कृत्ये २:४४-४५), पण ६ व्या अध्यायापर्यंत तिथेही तक्रार उभी राहते: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी ती तक्रार दाबली नाही. सगळ्यांना बोलावलं, लोकांना सात माणसं निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांवर वाटपाचा विश्वास टाकला गेला असं दिसतं. तक्रार असणं हा सहभागितेचा शेवट नसतो.

व्यक्तिगत दुखण्यासाठी येशूने दिलेला मार्ग मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे. आधी एकट्याने, एकांतात त्याच्याकडे जा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घ्या. तरीही नाही तर मंडळीला सांगा. आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा चालवतो: आधी चार जणांना सांगतो, मग पाळकांच्या कानावर घालतो, आणि ज्याच्यामुळे दुखलं त्याला ते सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळतं. जाण्याआधी प्रार्थना करा आणि काय झालं ते एका वाक्यात मांडता येतं का पाहा. "तुम्ही नेहमीच मला कमी लेखता" असं म्हणण्यापेक्षा "परवा सभेत तुम्ही माझं बोलणं तोडलंत, ते मला लागलं" असं म्हणा. मग थांबा. त्यांची बाजू वेगळी असू शकते. फोनवरच्या लांबलचक संदेशात हे करू नका, समोर बसून करा.

डीट्रिख बॉनहॉफर १९३५ ते १९३७ या काळात जर्मनीत फिंकेनवाल्ड इथे पाळकपदाच्या उमेदवारांना शिकवत होते. तिथे एक नियम होता: एखाद्या बांधवाच्या गैरहजेरीत त्याच्याविषयी बोलायचं नाही, आणि चुकून बोलणं झालंच तर ते त्याला जाऊन सांगायचं. नाझी राजवटीने १९३७ मध्ये ते शिक्षणकेंद्र बंद केलं. तिथे शिकलेल्या एकाने पुढे लिहिलं की हा साधा नियम मोडताना आणि तो पुन्हा पाळायचा निश्चय करताना जवळजवळ प्रवचनांइतकंच शिकायला मिळालं. एक महिना हा नियम स्वतःपुरता पाळून पाहा. आपण किती बोलतो ते कळतं.

सगळे वाद लगेच मिटत नाहीत. मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा इतके दुरावले की दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या (प्रेषितांची कृत्ये १५:३९). पण पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). मधली वर्षं कशी गेली ते शास्त्रात सांगितलेलं नाही. दार बंद करून घेऊ नका, एवढं मात्र त्यातून घेता येतं.

इथे एक मर्यादा ठामपणे सांगतो. मारहाण, लैंगिक छळ, लहान मुलांना इजा, पैशांची अफरातफर अशा गोष्टींसाठी "आधी एकट्याने जा" हा मार्ग नाही. असं काही तुमच्याबाबतीत घडलं किंवा दिसलं, तर विश्वासातल्या माणसाला लगेच सांगा आणि पोलिसांत तक्रार करा. "मंडळीचं नाव खराब होईल, क्षमा कर आणि विसर" असं कुणी म्हणालं, तर ते ऐकू नका. क्षमा करणं आणि गुन्हा लपवणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तसंच एखादा गट तुम्हाला घरच्यांपासून तोडत असेल, प्रत्येक निर्णयाला परवानगी मागायला लावत असेल, तुमची कबुली तुमच्याचविरुद्ध वापरत असेल, तर तिथे सहभागितेच्या नावाखाली ताबा चालला आहे. तिथून निघा.

मंडळी बदलण्याची वेळ आली तर

नोकरीमुळे, लग्नामुळे, शिक्षणामुळे कधीतरी गाव सुटतं. गुपचूप नाहीसे होऊ नका. पाळकांना आणि गटाला आधी सांगा, कुणाशी काही बाकी राहिलं असेल तर ते मिटवा, हाती असलेलं काम दुसऱ्याला समजावून द्या, आणि शेवटच्या रविवारी मंडळीला तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. पाळकांकडून शिफारसपत्र घ्या. ही केवळ कागदी औपचारिकता नाही. किंख्रियाच्या मंडळीत सेवा करणारी फीबी रोमला निघाली तेव्हा पौलाने तिच्याविषयी असंच लिहिलं होतं: तिचं स्वागत करा, आणि तिला ज्या कामात तुमची गरज लागेल त्यात मदत करा, कारण तिने पुष्कळांना आणि मलाही मदत केली आहे (रोमकरांस १६:१-२). नव्या गावी पोचलात की पहिल्याच रविवारी ते पत्र तिथल्या पाळकांच्या हातात द्या, आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.